लहरींना उंबरठा नसतो

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल येऊन पडला होता. त्यात स्फोटांची आगाऊ सूचना होती आणि त्यांची जबाबदारीही घेतलेली होती. तपासयंत्रणेने त्या ई-मेलचा माग काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका उंच इमारतीतल्या फ्लॅटपाशी येऊन थांबला. तिथे नोकरीनिमित्त आलेला एक अमेरिकन गृहस्थ राहत होता. त्याचे संगणक ताब्यात घेतले गेले, चौकशी सुरू झाली, त्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजत राहिले. अखेर निष्कर्ष निघाला तो असा, की ई-मेल त्याने पाठवलेलाच नव्हता. त्याच्या घरच्या वाय-फायला कुलूप नव्हते आणि कोणीतरी बाहेरून त्या जोडणीत शिरून आपले काम उरकले होते.

पुढच्या दोन महिन्यांत हाच प्रकार आणखी दोनदा घडला. ऑगस्टमध्ये माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचे वाय-फाय वापरले गेले. सप्टेंबरमध्ये, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधल्या एका कंपनीचे. तिन्ही ठिकाणे मुंबईच्या पंचक्रोशीतली आणि तिन्ही ठिकाणच्या जोडणीधारकांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता.

घरच्या वाय-फायच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या मनात पहिल्यांदा बँकेचे खाते येते, मग फोटो, मग खासगी पत्रव्यवहार. आपले काहीतरी चोरीला जाईल, ही ती भीती. सानपाड्याच्या प्रकरणात त्या गृहस्थाचे काहीच चोरीला गेले नव्हते. वापरले गेले होते ते त्याचे नाव. वाय-फायचे कुलूप सर्वांत आधी आपल्या नावाने बाहेर काय जाते यासाठी हवे, हे मला या लेखात दाखवायचे आहे. आणि त्याबरोबरच आणखी एक गोष्ट : ही कुलपे पंचवीस वर्षांत कशी बनली आणि कशी फुटली हे पाहिले, तर बहुतेक वेळा ती कोणाच्या तरी सोयीसाठी ठेवलेल्या फटीतून उघडली गेलेली दिसतात.

मी संगणकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. पण वाय-फायची मानके, त्यांवरचे शोधनिबंध, सरकारी अधिसूचना हे सगळे आता वाचायला मिळते, आणि चिकाटी असेल तर त्यातले बरेच कळतेही. गेली काही वर्षे ते वाचत आलो आणि आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे राउटर त्यांच्या परवानगीने उघडून पाहत आलो. पुढचे सगळे त्यातूनच आले आहे.

परवान्याविना लहरी

आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना घरातल्या रेडिओचा परवाना आठवत असेल. पोस्टात जाऊन त्याचे शुल्क भरावे लागे आणि छोट्या पुस्तकात तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. त्यामागे १९३३चा भारतीय बिनतारी तार कायदा होता. बिनतारी यंत्र जवळ बाळगायचे तर सरकारची परवानगी हवी, असे तो कायदा सांगत असे. लहरी सरकारच्या, आपण फक्त ऐकणारे, अशी एकूण मांडणी होती.

अमेरिकेत १९८५मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे परवान्याविना वापरायला मोकळे केले. त्यांपैकी एक २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे इथे गोंगाट फार, म्हणून महत्त्वाच्या दळणवळणाला निरुपयोगी, म्हणून मोकळा. या टाकाऊ पट्ट्यातच १९९७मध्ये बिनतारी संगणकजाळ्याचे पहिले मानक आले आणि १९९९मध्ये त्याची वेगवान आवृत्ती. 'वाय-फाय' हे नावही १९९९चेच. ते कशाचे संक्षिप्त रूप असेल असे वाटते, पण नाही. व्यापारी नावे शोधून देणाऱ्या एका कंपनीने ते तोंडात बसेल असे म्हणून घडवले. आपल्याकडे हा पट्टा २००५च्या नियमांनी ठराविक शक्तीच्या मर्यादेत खुला झाला. रेडिओ ऐकायलाही परवाना मागणाऱ्या देशात घरोघर प्रक्षेपक बसले, ते असे. कारण राउटर हा मुळात रेडिओ केंद्रच आहे, चिमुकले आणि दुतर्फा बोलणारे.

या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. विटांची भिंत, लाकडी दार, खिडकीची काच यांतून त्या आरपार जातात. जाता जाता क्षीण होतात, पण अडत नाहीत. पाच गिगाहर्ट्‌झच्या नव्या पट्ट्यातल्या लहरी याहून आखूड. त्या भिंतींना जास्त बिचकतात, तरी शेजारच्या खोलीपर्यंत पोचतातच. फ्लॅटच्या करारनाम्यात चटईक्षेत्र लिहिलेले असते. वाय-फायचे क्षेत्र कुठेच लिहिलेले नसते, आणि ते वरच्या मजल्यावर, जिन्यात, खालच्या पार्किंगमध्ये पसरलेले असते. माझ्या खिडकीशी बसून फोनवर पाहिले, तर समोरच्या इमारतीतल्या कुटुंबांची आडनावे फ्लॅट क्रमांकांसकट वाचता येतात. आपापल्या जाळ्याला त्यांनीच ती नावे दिलेली आहेत.

एक घर, एक पत्ता

घरात चार फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा आहे असे धरू. राउटर या प्रत्येकाला आतल्या वापरापुरता एक क्रमांक देतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ने सुरू होतो. हे क्रमांक फक्त घरात चालतात. बाहेरच्या जगाशी बोलताना राउटर सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता वापरतो, आणि उत्तर आले की ते ज्याचे त्याला पोचवतो. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांची पत्रे एकाच दारावर यावीत आणि दारावरच्या माणसाने ती वाटावीत, तसे हे काम चालते.

बाहेरून पाहणाऱ्याला बिऱ्हाडे दिसत नाहीत, फक्त वाडा दिसतो. तो पत्ता अमुक दिवशी अमुक वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते. परवान्याच्या अटींनुसार ती ठेवावीच लागते. पत्ते कमी पडतात म्हणून अलीकडे कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात, तरी कोणत्या क्षणी कोणाचा संदेश गेला याच्या नोंदी असतातच. त्या नोंदीत नाव असते ते बिल ज्याच्या नावाने येते त्याचे. जाळ्यात जो शिरला, तो त्या नावाने बोलू लागला.

इथे पी.पी. फोनची आठवण होते. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते शेजाऱ्यांचा नंबर लग्नपत्रिकेवर, अर्जावर 'पी.पी.' लिहून देत. एका फोनवर अख्खी चाळ जगत असे. पण फोन असायचा मालकाच्या पुढच्या खोलीत. कोण आले, कोणाला लावला, किती वेळ बोलले आणि बहुधा काय बोलले हेसुद्धा घरातल्या माणसांना कळायचे. वाटून घेणे होते, आणि नजरही होती. उघड्या वाय-फायमध्ये वाटणे राहिले, नजर गेली. जिन्यातल्या अनोळखी माणसाच्या खिशातला फोन आपल्या नावाने काय करतो आहे, हे दिवाणखान्यात बसलेल्या कुणालाच कळत नाही.

बँकेच्या भीतीचेही इथेच सांगून टाकतो. आज बँकेचे संकेतस्थळ आणि आपला ब्राउझर यांच्यात वेगळे कूटलेखन असते, म्हणजे मजकूर इतरांना न कळेल अशा रूपात बदलून पाठवलेला असतो. आपल्या वाय-फायमध्ये शिरलेल्या माणसाला तो सहसा वाचता येत नाही. आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो याचा अंदाज त्याला येऊ शकतो, आणि घरातली कच्ची उपकरणे त्याच्या हाताशी येतात. ते वाईटच. पण नावाचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

पहिले कुलूप

१९९७च्या मानकातच एक कुलूप होते. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'तारेइतका खासगीपणा', आणि आद्याक्षरांनी त्याला 'वेप' म्हणत. त्याचे यंत्र हिशेबनिसाला लगेच कळेल असे आहे. चावीपासून वरवर निरर्थक दिसणारी आकड्यांची एक लांबच लांब माळ तयार करायची, ती संदेशाच्या आकड्यांत मिळवायची आणि बेरीज हवेत सोडायची. पलीकडच्याकडे तीच चावी असल्याने तो तीच माळ तयार करतो, वजा करतो आणि संदेश वाचतो. माळ तयार करण्याची रीत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९८७मध्ये बसवलेली होती.

यात एकच पथ्य आहे : तीच माळ दोनदा वापरायची नाही. दोन वेगळ्या रकमांत तीच अनोळखी रक्कम मिळवलेली असेल, तर दोन बेरजांची वजाबाकी करताच ती अनोळखी रक्कम उडून जाते आणि मूळ रकमांतला फरक हाती लागतो. एक संदेश अंदाजाने कळला की दुसरा आपोआप कळतो.

हे पथ्य पाळण्यासाठी प्रत्येक संदेशाला चावीबरोबर एक नवा क्रमांक जोडण्याची सोय होती. हा क्रमांक ठेवला चोवीस बिटांचा, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ क्रमांक. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण त्या काळच्या पूर्ण वेगाने चालणारे जाळे सुमारे पाच तासांत ते सगळे संपवते. आणि क्रमांक चिठ्ठी टाकल्यासारखे कसेही निवडले, तर सुमारे पाच हजार संदेशांतच एखादा दोनदा येण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. वर्गात तेवीस मुले असली, तरी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तोच हा हिशेब. मूळ चावीही आखूड होती, चाळीस बिटांची. मजबूत कूटलेखन देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही, असे तेव्हाच्या अमेरिकेचे निर्यात धोरण होते, त्याची ही छाया.

२००१मध्ये बर्कलीच्या निकिता बोरिसोव्ह, इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर यांनी या उणिवा मांडल्या. त्याच वर्षी स्कॉट फ्लूरर, इत्सिक मँटिन आणि आदी शामीर यांनी दाखवले, की नुसते पुरेसे संदेश ऐकत बसले तर चावीच काढता येते. २००७मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी लांबवलेली चावीही मिनिटभराच्या आत काढून दाखवली. जुन्या राउटरच्या यादीत 'वेप' हा पर्याय अजून दिसू शकतो. तो निवडणे म्हणजे दाराला दोऱ्याची गाठ मारणे.

मोबाइल नंबरचा हिशेब

२००३मध्ये जुन्या यंत्रांवर चालेल असे तात्पुरते कुलूप आले, 'डब्ल्यूपीए', आणि २००४मध्ये पक्के, 'डब्ल्यूपीए-२'. यातली कूटलेखनाची पद्धत योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची. खुल्या जागतिक स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१मध्ये अमेरिकी मानक झाली. आजवर तिला कोणी सरळ गणिताने फोडू शकलेले नाही. मार्च २००६पासून वाय-फायची अधिकृत मोहोर हवी असलेल्या प्रत्येक नव्या यंत्रात हे कुलूप सक्तीचे झाले. आपल्या बहुतेकांच्या घरी आज तेच आहे.

मग फट कुठे आहे? ती आपण निवडलेल्या पासवर्डात आहे.

फोन राउटरला जोडला जातो तेव्हा पासवर्ड हवेत उच्चारला जात नाही. पासवर्ड आणि जाळ्याचे नाव एकत्र करून ते एका गणिती चरकातून ४,०९६ वेळा पिळून काढतात, त्यातून चावी तयार होते. मग दोन्ही बाजू एकमेकींना यदृच्छ आकडे पाठवतात आणि 'माझ्याकडे चावी आहे' याचा पुरावा देतात. चार निरोपांत हे उरकते. पद्धत सुंदर आहे. पण हे चार निरोप ऐकणारा तिऱ्हाईत ते टिपून घरी नेऊ शकतो. घरी बसून तो एकेक पासवर्ड कल्पून तोच चरक फिरवतो आणि पुरावा जुळतो का ते पाहतो. आपल्या दाराशी कोणी खटपट करत असल्याचे आपल्याला कळतही नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच : किती अंदाज करावे लागतील?

आमच्या सोसायटीतल्या राउटरांवर सर्वांत जास्त वेळा जो पासवर्ड मी पाहिला, तो म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर. नेट बसवायला आलेला मुलगा विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" काका म्हणतात, "ठेव बाबा माझा मोबाइल नंबर, लक्षात तरी राहील." तो नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना माहीत असतो, ही एक गोष्ट. पण ज्याला तो माहीत नाही त्याचाही हिशेब करू. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होणारा. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. खेळांसाठी विकले जाणारे आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड या कुलपाचे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासते. ४०० कोटी भागिले दहा लाख, उत्तर ४,००० सेकंद. भारतात असू शकणारे सगळे मोबाइल नंबर एक तास सात मिनिटांत तपासून होतात.

जन्मतारीख ठेवली असेल, तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारच होतात. पापणी लवायच्या आत काम संपते. आठ लहान इंग्रजी अक्षरे कशीही निवडली, तर सुमारे अठ्ठावन्न तास लागतात. नाव आणि त्यापुढे जन्मवर्ष, हा प्रकार तर अंदाज बांधणाऱ्यांच्या यादीत अगदी वर असतो. आपण साहित्याचे वाचक, म्हणून आवडत्या कवितेची ओळ ठेवण्याचा मोह होईल. तोही टाळावा. जी ओळ हजारोंना पाठ आहे, ती अंदाजाच्या यादीतही येऊ शकते.

याला एक स्वस्त उपाय आहे. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये फासे टाकून शब्द निवडण्याची रीत सुचवली. पाच फाशांची दाने ७,७७६ प्रकारांनी पडू शकतात, म्हणून तितक्या शब्दांची क्रमवार यादी. दान पडेल तो शब्द उचलायचा. असे चार शब्द घेतले, तर वरच्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला एकशे पंधरा वर्षे लागतात. पाच शब्द घेतले, तर नऊ लाख वर्षे. शंभर कार्डे एकत्र लावणाऱ्यापुढे चार शब्द वर्षभर टिकतात आणि पाच शब्द नऊ हजार वर्षे. म्हणून पाच घ्यावेत.

मराठीत हे सहज करता येते. घरातला जाडसा शब्दकोश घ्यावा, हाउसीच्या सोंगट्या काढून पान ठरवावे, पुन्हा काढून त्या पानावरचा शब्द ठरवावा. वरवंटा, करवंद, पोस्ट, सतरंजी, मांडव असे काहीतरी निघेल. शब्द एकमेकांशी जुळत नाहीत, यातच त्यांचे बळ आहे. 'बरे वाटत नाहीत' म्हणून बदलू नयेत. या पासवर्डात आठ ते त्रेसष्ट अक्षरे चालतात आणि ती रोमन लागतात, म्हणून मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावेत. हा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही. जिन्यातला चोर कपाटापर्यंत येत नाही.

मागचे दार

पुढचे दार असे भक्कम केले, तरी राउटरला मागचे दार असते. पासवर्ड टाकण्याचा त्रास वाचावा म्हणून उत्पादकांनी 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय आणली. एक बटण, आणि सोबत आठ आकडी क्रमांक. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असायला हव्यात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, तो फक्त पडताळणीचा. शिवाय राउटर तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार आकडे चुकले तर तसे कळू देतो. म्हणजे आधी दहा हजार, मग उरलेल्या तीन आकड्यांचे एक हजार. दहा कोटींचे अकरा हजार झाले. श्टेफान फीब्योक या तरुण संशोधकाने डिसेंबर २०११मध्ये हे उघड केले. अकरा हजार प्रयत्न म्हणजे काही तासांचे काम. आपला पासवर्ड पाच शब्दांचा असला तरी हा मार्ग त्याला वळसा घालून आत जातो. म्हणून डब्ल्यूपीएस बंद करावे.

दुसरे मागचे दार राउटरच्या स्वतःच्या व्यवस्थापनाचे. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरची मांडणी बदलण्याचा पासवर्ड वेगळा, हेच अनेकांना माहीत नसते. हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून 'ॲडमिन' असा येतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने अशा साठेक कारखानी जोड्या घेऊन जगभर दारे ठोठावली. लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि घरगुती राउटर तिच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने 'डिन' या कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला आणि अमेरिकेतल्या असंख्य लोकांना ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे तासन्‌तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपल्या घरातून हल्ला चालला आहे याचा पत्ताही नव्हता. सानपाड्याचीच ही गोष्ट, लाखपटीने मोठी.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. २०१७मध्ये बेल्जियमच्या माथी फानहूफ यांनी त्या चार निरोपांतच एक खोट दाखवली. तिसरा निरोप पुन्हा पाठवून उपकरणाला जुनीच चावी नव्याने बसवायला लावता येत होते आणि मग क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. म्हणजे वापरलेली माळ पुन्हा वापरात. वेपचे मोडलेले पथ्य तेरा वर्षांनी नव्या घरात असे सापडले. उपाय सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीने झाला. पण ज्यांनी ती बसवून घेतली त्यांच्याकडेच.

२०१८मध्ये आलेल्या 'डब्ल्यूपीए-३'ने घरी नेऊन अंदाज करण्याची वाट बंद केली. त्यात प्रत्येक अंदाज दाराशी येऊनच करावा लागतो. नवा राउटर घ्यायचा असेल, तर तो हे कुलूप असलेलाच घ्यावा.

दोन लोकप्रिय उपायांवर मात्र भिस्त ठेवू नये. जाळ्याचे नाव लपवले तरी आपलाच फोन ते नाव हाका मारून शोधत फिरतो. ठराविक उपकरणांनाच प्रवेश देण्याची यादी केली तरी त्या उपकरणांचे क्रमांक हवेत उघडे असतात आणि त्यांची नक्कल करता येते.

ओटी आणि माजघर

या सगळ्याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी जानेवारी २००८मध्ये, म्हणजे सानपाड्याच्या प्रकरणाच्या सहाच महिने आधी, एक लेख लिहून आपण घरचे वाय-फाय मुद्दाम उघडे ठेवतो असे सांगितले होते. पाहुण्याला जशी ऊब, दिवा, चहा द्यायचा तशी जोडणीही द्यावी, असा त्यांचा विचार. खबरदारी संगणकाची घ्यावी, वाटसरूला अडवू नये.

हा विचार आपल्याला परका नाही. घरी आलेल्याला पाणी विचारतो, तसा आता वाय-फायचा पासवर्डही सांगतो. कुलूप घालणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे अनेकांना मनापासून वाटते. तळमजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "अहो, समोरच्यांची पोरं अभ्यासाला वापरतात. बंद कसं करू?" त्यांच्या प्रश्नात जे मोल आहे ते मला टाकायचे नाही.

पण पाणी दिले की आपला संबंध तिथे संपतो. जोडणी दिली की आपले नाव दिले जाते, आणि ते कोणाला दिले हे माहीत असायला हवे. २००८नंतर आपल्याकडे हे सरकारी पातळीवरही पोचले. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षितपणे वापरण्याबाबत कंपन्यांना सूचना दिल्या.

उदारपणा आणि सावधपणा यांची सांगड घालायला जुन्या घरांची रचना उपयोगी पडते. आल्यागेल्याला ओटीवर बसवत, माजघरात घरचीच माणसे. बहुतेक राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते, ती म्हणजे ओटी. तिचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा, आणि तिथून घरातल्या संगणकांपर्यंत वाट नसते. समोरच्यांची मुले, पाहुणे, शक्य असेल तर टीव्ही आणि कॅमेराही तिथे जोडावेत. ओटीवरून बाहेर जाणारेही आपल्याच पत्त्याने जाते, म्हणून तिलाही पासवर्ड हवाच, आणि तो अधूनमधून बदलावा. काकूंकडे आता तशी सोय आहे. मुलांचा अभ्यास चालू आहे आणि पासवर्ड कोणाकोणाकडे आहे हे काकूंना ठाऊक आहे.

हे करायला दिवाळीच्या साफसफाईतला अर्धा तास पुरतो. राउटरच्या पाठीवर किंवा बुडाशी एक चिठ्ठी असते, तीवर त्याचा आतला पत्ता असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर, ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाकला की मांडणीचे पान उघडते. आधी व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. मग कुलूप डब्ल्यूपीए-२ किंवा ३ आहे ना ते पाहावे आणि पाच शब्दांचा पासवर्ड ठेवावा. जाळ्याच्या नावातून आडनाव आणि फ्लॅट क्रमांक काढावा. डब्ल्यूपीएस बंद करावे, गेस्ट नेटवर्क चालू करावे आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे का ते तपासावे. काही कंपन्यांनी हे पान ग्राहकाला बंद ठेवलेले असते. तसे असेल तर नेटवाल्याला बोलावून, शेजारी बसून करून घ्यावे. नवा पासवर्ड मात्र स्वतःच्या हाताने टाकावा.

शेजाऱ्यांच्या घरांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जोडणी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या नावावर असते. वापर मुला-नातवंडांचा असतो. मांडणी नेटवाल्याने केलेली असते. पासवर्ड बंगळुरूला किंवा अमेरिकेला गेलेल्या मुलाला माहीत असतो. उद्या काही झाले आणि पोलीस दारात आले, तर उत्तर द्यायला उभे राहावे लागेल ते बिलावर ज्याचे नाव आहे त्या माणसाला, आणि या चौघांत त्यालाच सर्वांत कमी माहिती असते. दिवाळीला मुले घरी येतील तेव्हा त्यांनी राउटरची मांडणी जरूर करून द्यावी. पण आई-वडिलांना शेजारी बसवून, प्रत्येक गोष्ट कशासाठी ते सांगत करावी, आणि पासवर्ड लिहिलेला कागद त्यांच्याच हातात द्यावा.